बाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं

डोंबिवली (पूर्व)
५ मार्च २०२५

चि. सुश्रुत यास अनेक आशीर्वाद.

फोन उचलत नाहीस म्हणून पत्र. गुवाहाटीचा पत्ता तुझ्या आईकडून घेतला. ती म्हणाली, "त्याला जेवायलासुद्धा वेळ नसतो हो बाई." शहाडच्या नदीवर चप्पल विसरून येणारा मुलगा एवढ्या मोठ्या संस्थेत लागला, वेळ कुठून असणार, असं मी म्हटलं. तिला बरं वाटलं.

माझं डोळ्याचं ऑपरेशन जानेवारीत झालं. ठाण्याला, नौपाड्यात. श्रिया सोबत होती. आपल्या पक्षीगटातली कोलशेतची पोर, पण पोटच्या मुलीसारखी धावली. पट्टी काढली तेव्हा समोरची भिंत इतकी पांढरी दिसली की मी डॉक्टरांना विचारलं, रात्रीत रंग दिलात का? ते म्हणाले, "भिंत पांढरीच होती बाई. तुम्हीच इतके दिवस पिवळ्या काचेतून बघत होतात."

तेव्हापासून मी कोलशेतच्या खाजणावर दिवसाआड जाते. ठाण्याला उतरून रिक्षा, मग बांधावरून चालत. यंदा हिवाळी पाहुणे मळगुजे अजून आहेत आणि त्यांच्या माना तांबूस व्हायला लागल्या आहेत. जायच्या आधीचा हा रंग मी किती वर्षांत असा पाहिला नव्हता. शेकाट्यांचे पाय इतके गुलाबी असतात हे मी मुलांना शिकवत आले, पण स्वतः विसरले होते. जांभळ्या पाणकोंबड्यांची बांधाजवळच्या पाणकणसात रोज भांडणं. परवा शिकारी भोवत्या खाली आला आणि सगळे चिमुकले टिलवे एकदम उठले. सबंध थवा एका अंगावर वळला की पांढरा, दुसऱ्या अंगावर वळला की दिसेनासा. मी लहान मुलीसारखी "अगं बाई" म्हणाले. आपला राघो कोळी उघाडीवर, बांधातल्या पाण्याच्या दारावर, जाळं लावत होता, तो हसला.

फाटकावरचा बोर्ड आता नवा केला आहे. 'पक्षी राखीव क्षेत्र', आणि खाली तू काढलेला त्या दुर्मीळ पक्ष्याचा फोटो, दाराएवढा. चमचचोच. 'निरीक्षण: सुश्रुत राऊत व श्रीमती माया प्रधान.' लोक त्याच्यापुढे उभे राहून सेल्फी काढतात.

त्या फोटोबद्दल एक विचारायचं आहे. मागच्या वर्षी आपण त्याला पाहिलं ती सकाळ आठव. आपण राघोच्या झोपडीपाशी उभे होतो, तोंड पूर्वेला. सूर्य समोरच्या तिवरांवरून वर येत होता. "उजेड उलटा आहे बाई, सगळे काळे दिसतायत," असं तूच म्हणालास. फोटोत मात्र ऊन थेट पक्ष्याच्या छातीवर पडलंय. पिसं मोजून घ्यावीत इतकं स्वच्छ. आधी मी हा फोटो पेपरात आणि मोबाईलवर पाहिला होता, जुन्या डोळ्यांनी. आता दाराएवढा पाहिला, नव्या डोळ्यांनी.

तू नंतर पलीकडच्या बाजूला गेला होतास का? पण पलीकडे चिखल नाहीच, रस्ता आहे. मला नीट लागत नाही. मोकळेपणाने कळव.

तब्येतीला जप. तिकडे गारठा असेल.

तुझ्या बाई

---

डोंबिवली (पूर्व)
१७ मार्च

सुश्रुत,

तुझं उत्तर नाही. श्रियाच्या मेसेजला मात्र तू अंगठा पाठवलास, तिने दाखवला.

मला पालिकेकडून नोटीस आली आहे. खाजणावर भराव टाकून ट्रकचा तळ करायचा म्हणणाऱ्या कंपनीने राखीव क्षेत्राला हरकत घेतली आहे. म्हणे असा पक्षी तिथे कधी आलाच नाही, पुन्हा कोणाला दिसला नाही, म्हणून दोन्ही निरीक्षकांनी समक्ष येऊन सांगावं. तुलाही नोटीस गेली असेल. श्रिया म्हणते, तू कामामुळे येऊ शकत नाहीस आणि लेखी निवेदन पाठवलं आहेस. म्हणजे उभी मी एकटी राहणार.

म्हणून मी ती सकाळ परत परत आठवते आहे. मदत कर. कुठे चुकत असेन तर सांग.

आदल्या रात्री तुझा फोन आला. "बाई, उद्या लवकर या, काहीतरी दाखवायचंय." मी म्हटलं, श्रियालाही बोलावते. तू म्हणालास, "तिला परवा दाखवू. आधी तुम्ही." मला केवढा अभिमान वाटला म्हणून सांगू! तीस वर्षं शाळेत शिकवलं, पण 'आधी तुम्ही' म्हणणारा विद्यार्थी एकच.

दुर्बिणीचा स्कोप तू आधीच लावून ठेवला होतास. मी नेहमीसारखा उजवा डोळा लावला. टिलव्यांचा घोळका, सगळं धुरकट.

"मधल्या दगडाच्या डावीकडे. चोच बघा, बाई."

"काळी दिसते रे नुसती."

"टोकाशी बघा, पसरट आहे. चिखलातून वर काढेल आता... आत्ता! दिसला चमचा?"

"बहुतेक..."

"बहुतेक नको बाई. नीट बघा."

मी नीट बघितलं. चोचीच्या टोकाशी काहीतरी होतं. जाड, गोलसर. आणि तुझा आवाज माझ्या कानाशी. जगात आता काहीशेच उरलेत आणि त्यांतला एक आपल्या कोलशेतच्या चिखलात, असं तू म्हणत होतास. तुझा आवाज कापत होता.

"दिसला," मी म्हटलं. मग मी रडले, आणि तू माझ्या पाठीवर हात ठेवलास.

आता मला हे सांग. टिलव्याने चिखलात चोच खुपसली की टोकाला चिखलाचा गोळा राहतो. लांबून चमच्यासारखा दिसतो. या फसगतीबद्दल मीच तुला सावध केलं होतं, तू आठवीत असताना, शहाडला नदीच्या काठी. तेव्हा तू खंड्याची नोंद केलीस आणि घरी जाण्याआधी स्वतःच खोडलीस. "बाई, पाठमोरा होता, नक्की नाही." सगळ्या वर्गापुढे मी तुझं कौतुक केलं होतं.

फोटो कुठून आला, सुश्रुत?

सुनावणी महिनाअखेरीस आहे. त्याआधी मला उत्तर हवं.

माया प्रधान

---

डोंबिवली (पूर्व)
२३ मार्च

सुश्रुत,

तुझा आवाजी निरोप मिळाला. तीनदा ऐकला. पहिल्यांदा ऐकताना भाजी करपली. हे सांगायचं कारण नाही, पण घरात करपल्याचा वास आहे आणि मी खिडक्या उघडलेल्या नाहीत.

तुझे शब्द तुलाच वाचायला मिळावेत म्हणून लिहून काढते.

"बाई, चिडू नका. फोटो माझा नाही, बांगलादेशातल्या एका मित्राचा आहे, त्यालाही माहीत नाही. पण बाई, जरा विचार करा. आपण किती वर्षं अर्ज केले? टिलवे मोजून दिले, मळगुजे मोजून दिले. कोणी ढुंकून तरी बघितलं? एक चमचचोच म्हटल्यावर महिन्याभरात बोर्ड लागला. भराव थांबला. राघोकाकाचं मासेमारीचं ठिकाण वाचलं. कोणाचं नुकसान झालं? आणि तुम्हाला खोटं बोलावं लागणारच नाही. मागच्या वर्षी सांगितलंत तेवढंच सांगा. तुम्हाला दिसला होता."

तुम्हाला दिसला होता.

हे वाक्य बोलताना तुझी जीभ अडखळली नाही, हे मी तिसऱ्यांदा ऐकताना नीट ऐकलं.

माझ्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू आहे हे कोणाला माहीत होतं? माझ्या बहिणीला नव्हतं. श्रियाला नव्हतं. मुलांना घेऊन खाजणावर जाणं लोक बंद करतील म्हणून मी लपवलं होतं. बांधावरून पाय घसरून पडले त्या दिवशी फक्त तुला सांगितलं. तू म्हणालास, "कोणाला नाही सांगणार, बाई." शब्द पाळलास. त्यानंतर बांध उतरताना दरवेळी माझा हात धरायचास. मला वाटायचं, देवाने मूल दिलं नाही पण हा हात दिला.

म्हणजे श्रियाला परवा का, ते आता कळलं. श्रियाचे डोळे तरुण आहेत. तिने 'चिखल आहे रे' म्हटलं असतं. आणि एकट्या तुझं कोणी ऐकलं नसतं, तू खाजण वाचवायच्या चळवळीतला, तुला तर पक्षी हवाच होता. सगळे काय म्हणाले? "बाईंनी पाहिलं म्हणजे पाहिलं." पेपरवाले म्हणाले, पालिकेतले म्हणाले. हे वाक्य मिळवायला मला उभा जन्म लागला. शंका असलेला पक्षी मी कधी मोजला नाही. एक एक पक्षी सोडून देऊन मी ते वाक्य मिळवलं होतं, आणि तू ते एका सकाळी वापरून टाकलंस.

कोणाचं नुकसान झालं, असं विचारतोस.

तुला खोटं बोलायचं होतं तर माझ्याशी बोलून खोटं बोलायचंस. मी नाही म्हटलं असतं, भांडलो असतो, तू माझ्याविना केलं असतंस. ते मी समजू शकले असते. कदाचित गप्पसुद्धा बसले असते, देव जाणे. पण तू मला रडवलंस. त्या रडण्याच्या वेळी तू माझ्या पाठीवर हात ठेवून उभा होतास आणि तुला सगळं माहीत होतं.

टिलव्यांकडे कोणी ढुंकून बघत नव्हतं, खरं आहे. मग बघायला शिकवायचं होतं ना? आपलं काम दुसरं काय होतं?

आता मी खाजणावर जाते आणि साध्या चिखल्या पक्ष्याकडेही दोनदा पाहते. हा आहे की मला कोणी सांगितलाय? डॉक्टर म्हणतात नजर उत्तम आहे.

माया प्रधान

---

डोंबिवली (पूर्व)
३ एप्रिल

श्री. सुश्रुत राऊत यांस,

सुनावणी झाली. तुझ्या लेखी निवेदनाचं वाचन झालं. 'माझ्या ज्येष्ठ गुरू श्रीमती प्रधान यांच्यासह', असं त्यात दोनदा होतं.

सुनावणी घेणाऱ्या बाई चाळिशीच्या असतील, शांत. कंपनीचा वकील तुझ्याच वयाचा, अतिशय नम्र. मला आधी खुर्ची दिली. मागे श्रिया, तिच्या गटातली चार-पाच मुलं, आणि दाराशी राघो, धुतलेला शर्ट घालून. तो कोलशेतहून मुद्दाम आला होता. मी काय सांगणार हे कोणालाच माहीत नव्हतं. श्रियाला मी सांगितलं नव्हतं. तिने अडवलं असतं आणि कदाचित मी अडले असते.

त्या बाईंनी विचारलं, "तुम्ही तो पक्षी पाहिला का?"

मी म्हटलं, "मी एक लहान पक्षी पाहिला. त्याच्या चोचीला चिखल लागलेला असावा. तो चमचचोच आहे असं मला सांगण्यात आलं. तेव्हा माझ्या डोळ्यात मोतीबिंदू होता. फोटो इथला नाही. हे मला आता कळलं आहे."

खोलीत कोणीतरी खुर्ची सरकवली. वकिलाने लिहायचं थांबवून माझ्याकडे पाहिलं. त्याने मला अडकवायला तयार केलेले सगळे प्रश्न वाया गेले होते.

"म्हणजे त्या जागी महत्त्वाचे पक्षी नाहीत, असं समजायचं?" त्याने विचारलं.

"पक्षी आहेत," मी म्हटलं. "आज सकाळीही होते. मळगुजे आहेत, टिलवे आहेत, शेकाटे आहेत. हजारो मैल उडायच्या आधी ते इथे पोट भरतात. फक्त तो नव्हता."

"पण मॅडम, हे आता आम्ही कशावरून मानायचं?"

 सुनावणीच्या बाईंनी प्रश्न लिहून घेतला. 

बाहेर आल्यावर श्रिया जिन्यात उभी होती. म्हणाली, "बाई, एक वर्ष गप्प बसायचं होतं. एकच वर्ष. मग सगळं पक्कं झालं असतं." मी म्हटलं, "तू बसली असतीस?" ती म्हणाली, "हो. मी बसले असते." आणि रडायला लागली. मग म्हणाली, "तुम्हाला इतकी वर्षं कळतात ना पक्षी, मग तेव्हा कसं कळलं नाही?"

हा प्रश्न आता सगळे विचारतात. जणू चूक माझ्या डोळ्याची. मी प्रत्येकाला सांगते, चूक माझी नाही. माझ्या माणसाने मला दाखवलं आणि मी पाहिलं. माणूस असंच पाहतो.

राघो एवढंच बोलला, "बाय, तुमी खरा बोललाव. पन आमचा खाजन गेला तं?" त्याच्या आवाजात राग नव्हता. राग असता तर मला सोपं गेलं असतं.

तुला राग मात्र आला असेल. येऊ दे.

माया प्रधान

---

डोंबिवली (पूर्व)
२७ एप्रिल

सुश्रुत,

हे शेवटचं पत्र. तू समोर होतास तेव्हा सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहिते.

आदेश तू वाचलाच आहेस. रस्त्याकडचा भाग राखीव क्षेत्रातून वगळला. उघाडीकडचं पाणी पुढच्या हिवाळ्यापर्यंत तसंच राहील, बाहेरचे तज्ज्ञ येऊन मोजणी करतील, मग ठरेल. 'स्थानिक निरीक्षकांच्या आजवरच्या नोंदी विश्वासार्ह मानता येत नाहीत.' नोंदी म्हणजे माझ्या. तुझ्या जन्माआधीपासूनच्याही. त्या ओळीखाली मी बोट ठेवून किती वेळ बसले होते कोण जाणे, दूधवाल्याने दोनदा बेल वाजवली.

बोर्ड काढला. दुसऱ्या आठवड्यात ट्रक आले. पाणकणसाचा पट्टा त्यांनी आधी बुजवला. पाणकोंबड्या दोन दिवस बांधावर उघड्यावर फिरत होत्या, कुठे जावं ते न कळून.

आणि परवा तू आलास. दार उघडलं तर तू, हातात आसामच्या चहाचा पुडा. किती वाळला आहेस. माझ्या तोंडून पहिलं वाक्य "जेवलास का?" निघणार होतं, ते मी गिळलं. पाया पडायला वाकलास तेव्हा मी पाय मागे घेतले. तुझी बोटं फरशीला लागली. ते मला दिवसभर दिसत राहिलं.

तू म्हणालास, "मी नोकरी सोडून आलोय, बाई. संस्थेला सगळं सांगितलं. आता इथे पण सगळ्यांना सांगतो."

"मला कशाला सांगतोस? त्यांना सांग."

"तुम्ही चला ना सोबत. एकदा खाजणावर जाऊ. तुमच्याबरोबर."

मी म्हटलं, "तू जा. मला तुझ्याबरोबर काहीही बघायचं नाही."

तू चपला घातल्यास. जिना उतरताना मधेच थांबलास, मला ऐकू आलं. मी दार लावून घेतलं होतं, पण दाराला पाठ टेकून उभी होते. तू वर आला असतास तर मी काय केलं असतं, मला माहीत नाही. तू वर आला नाहीस, ते बरं झालं. की नाही झालं, ते तू ठरवू नकोस आणि मीही ठरवत नाही.

काल सकाळी मी खाजणावर गेले. तू येणार हे मला ठाऊक नव्हतं, श्रियाने नंतर सांगितलं. तू राघोच्या झोपडीपुढे होतास, समोर राघो, त्याची बायको, वस्तीतले काही जण. मी इकडच्या बांधावर होते, मधे सगळं पाणी. शब्द ऐकू येत नव्हते. तू बोलत होतास. राघोच्या बायकोने आत जाऊन दार लावलं. राघो ऐकत राहिला. शेवटी त्याने तुला काहीतरी विचारलं, तू मान हलवलीस, आणि तो जाळं घेऊन उघाडीकडे निघून गेला. बाकीचेही गेले.

तू एकटा राहिलास. कितीतरी वेळ पाण्याकडे तोंड करून उभा होतास. पाण्यात फारसं काही नव्हतं. मळगुजे गेले, टिलव्यांतले मागे राहिलेले थोडे.

तुझ्या पाठीमागे, झोपडीच्या बाजूच्या तिवरांच्या कडेला, ओहोटीच्या चिखलावर एक कोल्हीण आली. तिच्या मागून दोन पिल्लं, अजून पायांत धड जोर नसलेली. एकाने तुझ्या दिशेने चार पावलं टाकली आणि बसकण मारून तुझ्याकडे बघत राहिलं. मोकळ्या उजेडात. मला लख्ख दिसत होतं. इतक्या वर्षांत आपल्याला दोघांनाही तिथे पिल्लं कधी दिसली नव्हती.

माझा हात आपोआप वर गेला. तोंडात तुझं नाव आलं होतं.

मग मी हात खाली घेतला. कोल्हीण पिल्लांना घेऊन तिवरांत गेली. तू वळलास तेव्हा चिखल मोकळा होता.

मी हाक मारली नाही. एवढंच कळवायचं होतं.

माया प्रधान